अर्धवट सी हॉक, दमट हवा आणि गेलेला मूड: मॉडेल किटवाले टिकून कसे राहता?

बोगमाळो_रोड | १४ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, थोडं लांबेल.

मी वास्कोचा. घर दाबोळीच्या धावपट्टीपासून जवळ, त्यामुळे लहानपण सगळं विमानांच्या आवाजात गेलं. १९८३ साली नौदलाची सी हॅरियर आली तेव्हा मी दुसरीत होतो. ते विमान हवेत एका जागी उभं राहायचं ना, तेव्हा आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची आणि आई बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर थांबवायची, आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू. बाबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. एकदा रजेवर येताना सिंगापूरहून एअरफिक्सचं १/७२ (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) स्पिटफायर विमानाचं किट घेऊन आले. एका दुपारी जोडलं, कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर, गोंदाच्या बोटांचे ठसे, रंग नाहीच, आणि तरी चवथीला घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवलं.

मग शाळा कॉलेज नोकरी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत सुरू केलं. चार विमानं पूर्ण झाली, मजा आली. त्यानंतर घेतलं १/७२ सी हॉक, कारण सी हॅरियरच्या आधी आपल्या ३०० स्क्वाड्रनकडे, म्हणजे व्हाइट टायगर्सकडे तेच होतं आणि १९७१ ला विक्रांतवरून तेच उडालं. म्हटलं हे तरी एकदम झकास करायचं. तिथेच घोडं अडलं.

बॉडीचे दोन भाग जोडले, पाठीवर जोडाची रेघ राहिली. पुटी (फट भरायचा लेप) लावली, घासली, प्रायमर मारला, रेघ परत दिसली. परत पुटी. चार वेळा झालं. आता रेघ गेलीय पण आजूबाजूच्या पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा) पण गेल्यात आणि पाठ एका जागी चपटी झालीय. नेटवर लोकांची मॉडेलं बघतो, त्यांच्या कॉकपिटमधले सीटचे बारीक पट्टे बघतो आणि माझा डबा बंद करून कपाटात ठेवतो. दोन वर्षं झाली. मधल्या काळात अकरा किट विकत घेतली, एकही उघडलं नाही.

तुम्ही लोक टिकून कसे राहता? आणि हात सुधारतो कसा, नुसतं करत राहून, की काही वेगळं करावं लागतं?

---

काणकोणचा_पाऊस | १५ जून, सकाळी ७:०५

+१. माझं पण एक जहाज तीन वर्षं डेकवर अडकलंय. वाचतोय.

---

माशेलची_माती | १५ जून, दुपारी ३:२०

बोगमाळो दादा, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून काम बाजूला ठेवून लिहितेय.

आमच्या घरी गणपतीची चित्रशाळा आहे, आजोबांपासून. आता या दिवसांत माती आलेली असते आणि घरात चालायला जागा नसते. मी १/३५ ची डायोरामा, म्हणजे छोटे देखावे करते, ते वेगळं, पण हात मला चित्रशाळेने दिला. बाबांनी मला पहिली दोन वर्षं फक्त पाट करायला दिला. नुसता पाट. कडा सरळ, कोपरे स्वच्छ, रंग सपाट. मग पितांबर, मग दागिने. डोळे लिहायला मिळाले नवव्या वर्षी. तेव्हा राग यायचा, पण आता कळतं की ते एका वेळी एकच गोष्ट शिकवत होते आणि बाकीची मूर्ती तेच पूर्ण करायचे म्हणून मी केलेला पाट कधी अर्धवट मूर्तीखाली पडून राहिला नाही, तो दर वर्षी कोणाच्या तरी घरी जाऊन मखरात बसला.

तुम्ही त्या एका सी हॉकवर सगळं एकदम शिकायला गेलात. जोड, पॅनल लाइन, कॉकपिट, रंग, सगळं पहिल्यांदा आणि सगळं उत्तम. माझं म्हणणं असं की एका मॉडेलमध्ये एकच नवीन गोष्ट घ्यायची. या वेळी जोड. बाकी सगळं आधी येतं तसंच करायचं, कॉकपिट साधा ठेवायचा, पट्टे नकोत. पुढच्या वेळी डिकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, आकडे). त्याच्या पुढच्या वेळी वॉश (रेघांत मुरवायचा पातळ गडद रंग). पण प्रत्येक मॉडेल शेवटपर्यंत न्यायचं, कारण अर्ध्यावर सोडलं की पहिला निम्मा भागच परत परत शिकला जातो, डिकल आणि वार्निशपर्यंत हात कधी पोचतच नाही. तुमची चार विमानं झालीत म्हणजे डिकल तुम्ही आयुष्यात चारदाच लावलेत. आणि जोड किती वेळा घासलात बघा, या एकाच विमानात चार वेळा.

दुसरं, आमच्याकडे चवथ पुढे ढकलता येत नाही. मूर्ती सुकली नाही, पाऊस थांबला नाही, काही झालं तरी त्या दिवशी सकाळी माणूस पाट घेऊन दारात उभा. मग शेवटच्या रात्री जे जमतं ते करायचं, जे नाही ते पुढच्या वर्षी. तुमच्या विमानाला अशी तारीखच नाही.

---

फेरीबोट | १५ जून, रात्री ९:५०

ताईंशी सहमत. मी फक्त त्या जोडाबद्दल लिहितो कारण माझी पाच सहा विमानं त्यात खराब झालीयेत.

पुटीने जोड भरायचाच नाही, निदान पहिल्यांदा नाही. प्लास्टिकनेच भरायचा. पातळ सिमेंट म्हणजे गोंद नव्हे, तो पोलिस्टायरीन वितळवतो. दोन्ही अर्धे एकत्र धरायचे, केसाएवढी फट ठेवायची, ब्रशचं टोक फटीला लावायचं, पातळ सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. दहा पंधरा सेकंद थांबून मग दाबायचं. वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी जोडावर बाहेर येतो, तो आला म्हणजे काम झालं. त्याला हात लावायचा नाही, पुसायचा नाही. कपड्यांचे चिमटे किंवा मास्किंग टेप लावून पूर्ण दिवस ठेवायचं, पावसाळ्यात मी दोन दिवस ठेवतो. मग तो मणी ब्लेडच्या पाठीने खरवडायचा आणि ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, मग १०००, पाण्यात बुडवून. पेपर बोटाने दाबायचा नाही, गोल पृष्ठभागावर बोटाने दाबलं की चपटं होतं, तुमचं तेच झालंय. मी जुन्या स्पंजच्या तुकड्यावर पेपर चिकटवतो, तो गोलाईबरोबर वळतो.

पुटी रंगाच्या खाली हळूहळू आक्रसते, म्हणून तुमची रेघ परत परत येत होती. आता जिथे भरायचंच आहे तिथे सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून लावा, सुकल्यावर अर्ध्या पाऊण तासात घासून टाका, फार दिवस ठेवलं तर प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि मग आजूबाजूचं प्लास्टिकच घासलं जातं.

गेलेल्या पॅनल लाइन परत कोरता येतात. नाव छापायची ती जाड लेबल टेप असते ना, ती पट्टीसारखी चिकटवायची आणि स्क्रायबरने किंवा चांगल्या टोकाच्या सुईने तिच्या कडेने ओढायचं. जोर नाही लावायचा. पहिल्या वेळी नुसतं वजन, असं पाच सहा वेळा. जोर लावला की सुई सुटते. आधी, किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्या जाड तुकड्यावर वीस रेघा ओढून बघा, विसावी आणि पहिली शेजारी ठेवा, तुम्हालाच फरक दिसेल.

---

बोगमाळो_रोड | १६ जून, रात्री १०:१५

मणी पुसायचा नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी दर वेळी लगेच टिश्यूने पुसत होतो. माशेल ताई, पाटाची गोष्ट ऑफिसमध्ये दिवसभर डोक्यात होती. आज डबा बाहेर काढला. नुसता काढला, टेबलावर ठेवलाय.

---

करडा_रंग | १७ जून, सकाळी १०:३०

मी थोडं वेगळं मत मांडतो. "साधं ठेवा, पट्टे नकोत" हे सगळ्यांना लागू नाही. मला टिकवून ठेवतं तेच मुळी बारकावे शोधणं. उदाहरण देतो. आपलं सी हॅरियर एफआरएस ५१. बाजारातली किटं ब्रिटिश एफआरएस १ ची, त्यात क्षेपणास्त्रं साइडवाइंडर. आपल्या विमानांवर फ्रेंच मात्रा मॅजिक होती, पंखांचा आकार वेगळा. पुढे अपग्रेड झाल्यावर इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र आलं. म्हणजे तुम्ही १९८५ चं विमान करताय की २०१० चं हे आधी ठरवायचं आणि त्याप्रमाणे नाक, क्षेपणास्त्रं सगळं. हे शोधताना माझे सहा महिने गेले आणि त्या सहा महिन्यांत एक दिवस पण कंटाळा आला नाही.

आणि आपण गोव्यात आहोत. बोगमाळ्याला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ पासून. सी हॉक तिथे उभं आहे, सी हॅरियर आहे, अलिझे आहे, सुपर कॉन्स्टेलेशन आहे. इतर शहरातला मॉडेल करणारा फोटो शोधत बसतो, आपण बस पकडून खरं विमान बघून येतो. एवढं जवळ असताना न बघता करणं मला पटत नाही.

---

माशेलची_माती | १७ जून, दुपारी १:१०

करडा रंग, बघायला जायचं हे शंभर टक्के. पण तुमचे सहा महिने गेले आणि ते हॅरियर पूर्ण झालं का? मनापासून विचारतेय.

---

करडा_रंग | १७ जून, दुपारी २:४५

नाही झालं. नाकावर थांबलंय.

तुमचा मुद्दा कळला. तरी मला शोधण्यातला आनंद कमी लेखायचा नाही. पण हो, शोधणं आणि करणं याच्या वह्या वेगळ्या ठेवायला हव्यात. शोधलेलं सगळं याच मॉडेलमध्ये घातलं पाहिजे असं कुठे आहे.

---

फेरीबोट | १७ जून, रात्री ९:००

म्युझियमबद्दल एक सांगतो. तिथली विमानं उघड्यावर उभी, समुद्र शेजारी, वर्षानुवर्षं पाऊस आणि खारा वारा, आणि मधून मधून परत रंगवलेली. त्यामुळे रंग तिथून घेऊ नका आणि गंज, डाग पण घेऊ नका, उडत असलेल्या विमानावर तसे डाग नसतात. आकार मात्र तिथूनच घ्या. सी हॉकचं इंजिन एकच पण धूर जायच्या नळ्या दोन, दोन्ही बाजूंना पंखाच्या मुळाशी मागे उघडतात. किटमध्ये ती जागा कशी दिसते आणि खऱ्यात पत्रा कसा वळलाय हे समोर उभं राहून बघितल्यावरच मला कळलं. चाकांच्या कप्प्यात वाकून बघा, फोटो काढा, सोबत एक पट्टी न्या आणि फोटोत धरा.

मी आता विमानं थांबवून ट्रॉलर करतोय, १/५० ला, स्क्रॅच, म्हणजे सगळं स्वतः कापून, किट नाहीच. मालीमच्या जेटीवरचे. मासेमारी बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै, सगळे ट्रॉलर बांधून ठेवलेत, त्यामुळे हे ६१ दिवस माझे. रविवारी टेप घेऊन जातो, ओळखीचा तांडेल (बोटीचा नाखवा) आहे तो वर चढू देतो. १५ मीटरचा ट्रॉलर म्हणजे १/५० ला ३० सेंटिमीटर. मागच्या रविवारी नुसतं विंच मोजलं, दोन तास. दोरी जिथे घासते तिथे ड्रमचं लोखंड आरशासारखं चकचकीत आणि दोन बोटांवर लगेच तांबडा गंज, मधे कुठे रंगाचा पत्ता नाही. हे घरी बसून मी कधीच तसं रंगवलं नसतं, मी सगळ्या ड्रमला गंज लावून मोकळा झालो असतो.

---

पणजी_६०० | १८ जून, रात्री ८:३०

मूड जाण्याचं अर्धं कारण आपली हवा आहे हे कोणी लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर इथे रंग नीट बसत नाही आणि माणसाला वाटतं की आपला हात गेला.

लॅकर रंग दमट हवेत मारला की दुधाळ होतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. हात चुकलेला नसतो. एसी लावून खोली तासभर कोरडी करा आणि मग मारा, किंवा हळू उडणारा थिनर वापरा. झालंच दुधाळ तर घासू नका, पूर्ण सुकू द्या आणि कोरड्या दिवशी वरून नुसता थिनर अगदी हलका उडवा, बहुतेक वेळा साफ होतं.

एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग उडवायचं पेनासारखं हत्यार) पाणी येतं. कॉम्प्रेसरच्या पाइपला मॉइश्चर ट्रॅप पाहिजेच, आणि तो दर अर्ध्या तासाने उघडून पाणी सोडायचं. माझ्या एका मिगच्या पंखावर ट्रॅप भरल्यामुळे पाण्याचे थेंब थुंकले गेले, तेव्हापासून मी घड्याळ लावून सोडतो. मी १५ ते २० पीएसआय दाबावर मारतो, नोझल ०.३ मिलिमीटर.

डिकल, ब्रश, उघडलेल्या बाटल्या सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. जेल दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत भरायचं. बुरशी आलेला डिकल पाण्यात टाकला की तुकडे होतात.

म्हणून मी वर्षच वाटून घेतलंय. पावसात फक्त कापणं, जोडणं, घासणं, कोरणं. रंग चवथ झाल्यावर. आता जून महिन्यात रंगाला बसावंसं वाटत पण नाही आणि न बसल्याची टोचणी पण नाही.

---

बारावी_पास_साखळी | १९ जून, संध्याकाळी ५:५५

नमस्कार, मी नवीन आहे. आत्ताच बारावी झाली. एकही किट केलेलं नाही पण तुमचं सगळं वाचलं. माझ्याकडे ट्यूशन घेऊन साठवलेले दीड हजार रुपये आहेत. एअरब्रश तर जमणारच नाही. एवढ्यात सुरू होईल का?

---

फेरीबोट | १९ जून, रात्री ९:२०

होईल की. आधी एक छोटं १/७२ विमान घे, एक इंजिनवालं, भाग कमी असलेलं. महागडं घेऊ नको आणि जहाज तर मुळीच नको. हत्यारं थोडी लागतात. चांगला कटर घे, इलेक्ट्रॉनिकवाले वायर कापायला वापरतात तो सपाट धारेचा चालतो. भाग फ्रेममधून काढताना एकदम भागाला लागून कापू नको, थोडं टोक ठेवून काप, मग दुसरा काप जवळून, नाहीतर प्लास्टिक पांढरं पडतं आणि खड्डा पडतो. ब्लेडवाली सुरी, हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६०० आणि १००० चा वॉटर पेपर, कॉस्मेटिकच्या दुकानात मिळतो तो नेल फायलर. पातळ सिमेंट मात्र मॉडेलचंच घे, त्यात काटकसर नको.

नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेव, त्यात बहुतेक वेळा अॅसिटोन असतं, प्लास्टिक वितळतं. गाडीचा स्प्रे प्रायमर वापरायचा असेल तर आधी रिकाम्या फ्रेमवर मारून बघ, जवळून जाड मारला तर प्लास्टिक खातो.

---

माशेलची_माती | १९ जून, रात्री १०:०५

एअरब्रश नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस रे. हाताने सुंदर रंगतं. रंग दुधाएवढा पातळ कर, चपटा मऊ ब्रश, आणि पहिला हात सुकेपर्यंत परत त्यावरून ब्रश फिरवायचा नाही, इथेच सगळे चुकतात. पहिला हात डागाळ दिसणार, दुसरा बरा, तिसऱ्याला सपाट होतो. १/७२ ला रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटर जाड होईल, म्हणून पातळच. आमच्याकडे पितांबराला चार हात देतात आणि चौथ्याच्या आधी कोणी बघायला आलं तर बाबा कापड टाकतात.

---

बोगमाळो_रोड | १९ जून, रात्री ११:३०

साखळीवाल्या मित्रा, माझ्याकडे न उघडलेली अकरा किटं आहेत. त्यात एक १/७२ झीरो (जपानी लढाऊ विमान) आहे, सोपं. तुला देतो. पैसे हत्यारांना वापर. पणजीला येणार असशील तर कदंब स्टँडवर भेटू, निरोप टाक.

---

चाळिशीनंतर | २१ जून, सकाळी ११:१५

एक राहिलं. बोगमाळो तुम्ही १९८३ ला दुसरीत म्हणजे आता पन्नाशीच्या आसपास. मला वाटत होतं माझी चिकाटी गेली, पंधरा मिनिटांत चिडचिड व्हायची, डोकं दुखायचं. चिकाटी ठीक होती, डोळे गेले होते. जवळचा चष्मा आणि डोक्याला लावायचं भिंग घेतलं, दोन बाजूंनी दोन दिवे लावले, सावली पडणार नाही असे, आणि एकदम दोन तास बसायला लागलो. मूड नाही म्हणण्याआधी डोळे तपासून घ्या.

आणि मोबाइलने जवळून काढलेला फोटो बघून मॉडेलला नावं ठेवू नका. १७ सेंटिमीटरचं विमान स्क्रीनवर दोन फूट दिसतं. कपाटातल्या विमानाला तुम्ही हातभर अंतरावरून बघणार आहात, तेवढ्यावरून बघा.

---

म्हापसा_रात्रपाळी | २२ जून, रात्री २:१०

रात्रपाळीत वाचतोय सगळं. माशेल ताईंनी तारखेचं लिहिलं त्यावर.

आमच्या वाड्यावर दर दिवाळीला नरकासूर. पंधरा वीस पोरं, महिनाभर बांबू, गवत, कागद, खळ. त्यातली निम्मी पोरं अशी की घरी एक खिळा ठोकणार नाहीत, पण तिथे रात्री तीनपर्यंत बोटं चिकटेपर्यंत कागद लावतात. कारण शेजारच्या वाड्याचा तयार होतोय आणि पहाटे तो जाळायचाच आहे. एकट्याने केला असता तर कोणी मुंडक्याच्या पुढे गेलं नसतं.

आपण पण एकत्र करूया. जो जे अर्धवट पडलंय ते घेईल, नवीन उघडायचं नाही. तारीख ४ डिसेंबर, नौदल दिन. १९७१ ला त्याच दिवशी विक्रांतवरच्या सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला होता, म्हणजे बोगमाळोंचं विमान त्या तारखेला पाहिजेच. दर रविवारी एक फोटो, काही झालं नसेल तर "काही झालं नाही" असा फोटो. मी माझं पाणबुडीचं काढतो.

---

करडा_रंग | २२ जून, सकाळी ९:४०

मी आहे. नाक याच आठवड्यात.

---

काणकोणचा_पाऊस | २२ जून, सकाळी ९:५५

मी पण. डेक.

---

बोगमाळो_रोड | ३० नोव्हेंबर, रात्री १०:५०

मधे रविवारचे फोटो टाकत होतो, आज नीट लिहितो.

चपटी झालेली पाठ सुपरग्लू आणि पावडरने भरली, स्पंजवर पेपर लावून घासली. पॅनल लाइन परत कोरल्या, त्यातल्या दोन वाकड्या आहेत, डाव्या बाजूला, त्या तशाच ठेवल्या. जुलैत तीनदा सोडून द्यावंसं वाटलं. त्या दिवसांत मी एवढंच ठरवलं की टेबलापाशी पंधरा मिनिटं बसायचं, काम झालं नाही तरी चालेल. बहुतेक वेळा एक तरी भाग घासून व्हायचा. ऑगस्टमध्ये म्युझियमला दोनदा गेलो, भर पावसात छत्री धरून धुराच्या नळ्यांचे फोटो काढले. फेरीबोट म्हणाले ते खरं, तिथला पत्रा मला वाटत होता त्याच्या उलट वळतो.

सी हॉक नाकाच्या चाकावर उभं राहतं, नाक हलकं राहिलं तर शेपटीवर बसतं. मडगावच्या मार्केटमधून गळाला लावायचं शिसं आणलं, सगळ्यात बारीक, नाकाखालचा जोड परत उघडून कॉकपिटच्या पुढे भरलं. जोड परत चिकटवायच्या आधी चाकं टेपने लावून उभं करून बघितलं, तरी दोन गोळ्या कमी पडल्या, त्या घातल्या आणि मग जोड बंद केला. या वेळी मणी पुसला नाही.

रंग पणजी_६०० यांच्या वेळापत्रकाने, चवथ झाल्यावरच. डिकल जुने, पिवळे पडलेले. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आठवडाभर आतून चिकटवले, पिवळेपणा बराच उतरला. तुटू नयेत म्हणून वरून एक हात वार्निश दिलं, मॉडेलवर आधी ग्लॉस मारला आणि मगच लावले. मॅट रंगावर लावले की खाली हवा राहते आणि कड चांदीसारखी चमकते, माझ्या आधीच्या चारही विमानांवर ती चमक आहे, कारण तेव्हा माहीतच नव्हतं.

काल रात्री वार्निश झालं. आज वास्कोला आईकडे घेऊन गेलो. आई आता ८१, नीट दिसत नाही, तिने हातात घेतलं आणि बोटांनी पंख चाचपले. म्हणाली हे उभं राहायचं ते का रे. म्हटलं नाही, हे त्याच्या आधीचं. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली ते पण कर, पण एवढ्या आवाजाचं नको.

सी हॅरियरचं किट उद्या उघडतोय. करडा रंग, मॅजिकचे मोजमाप तुमच्याकडे आहेत ना, पाठवा. कॉकपिटमध्ये या वेळी पट्टे करणार, तेवढं एकच नवीन.

---

करडा_रंग | १ डिसेंबर, सकाळी ८:२०

पाठवतो. माझं पण झालं, परवा. नाकाचा उतार अर्धा मिलिमीटर कमी आहे. कपाटात ठेवलंय आणि रोज उघडून बघतोय.

---

बारावी_पास_साखळी | ३ डिसेंबर, रात्री ९:३५

काका, झीरो जवळजवळ झालं. तीन हात हिरवा दिला, ताईंनी सांगितलं तसं, तिसऱ्याला खरंच सपाट झाला. आता फक्त कॅनोपी राहिली. उद्याची तारीख आहे म्हणून सुपरग्लूने लावून टाकू का, लगेच धरेल?

---

बोगमाळो_रोड | ३ डिसेंबर, रात्री ९:४१

थांब, लावू नको! सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरी धरते आणि आपल्या दमट हवेत तर जास्तच. फेविकॉल घे, टूथपिकने कडेला अगदी बारीक रेघ, बसव, बाहेर आलेला ओल्या कापसाच्या बोळ्याने पूस, सुकला की पारदर्शक होतो. टेपची एक पट्टी वरून लाव आणि सकाळपर्यंत हात लावू नको. उद्या सकाळी फोटो टाक.